बेदाण्याची जाळी, घराची ताटी

मार्च सरता सरता सांगलीतल्या कुठल्याही शेतीमालाच्या दुकानात जाऊन शेडनेट मागा, दुकानदार आधी विचारतो, ‘‘कितीचं? पन्नास का पंच्याहत्तर?’’ हा भाव नव्हे, टक्का. शंभरातलं किती ऊन जाळीनं अडवायचं, त्याचा हिशेब. दुसरा प्रश्न अस्सल इथला असतो, ‘‘बेदाण्याला पाहिजे का घराला?’’

घराला म्हटलं की तो गुंडाळी जमिनीवर लोळवतो, फुटपट्टीनं मापतो आणि कात्री लावताना बजावतो, ‘‘कडा दुमडून शिवून घ्या, नाहीतर वाऱ्यानं तार तार निघंल.’’

तासगावच्या बाजूला ज्यानं बेदाण्याची शेड बघितली आहे, त्याला हा प्रश्न विचित्र वाटणार नाही. वर पत्रा, आत एकावर एक जाळ्यांचे कप्पे आणि चारी बाजूंनी सोडलेलं हिरवं शेडनेट. द्राक्षाचे घड डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवून कप्प्यांवर पसरतात. त्यानं मण्याच्या सालीवरचा मेणाचा थर सैल होतो आणि पाणी लवकर उडतं. पंधरवड्यात माल तयार. पण हेच घड थेट उन्हात टाकले तर बेदाणा तांबूस-काळपट पडतो. हिरवा बेदाणा हवा तर वारा पाहिजे आणि ऊन नको. भिंत बांधली तर वारा अडतो, उघडं ठेवलं तर ऊन येतं. जाळी दोन्ही साधते. आमच्या गल्लीत पश्चिमेच्या गॅलऱ्यांवर जाळ्या चढू लागल्या तेव्हा कुणी वास्तुविशारदाला विचारायला गेलं नव्हतं. ज्यांचे पाहुणे तासगाव-कवठेमहांकाळकडचे, त्यांच्या घरी आधी चढल्या, एवढं मी पाहिलं आहे.

हे सगळं नवं वाटतं, पण जाळीचं कूळ जुनं आहे. तिच्या आजीचं नाव ताटी. बांबूच्या कामट्या विणून केलेला, दारापुढं लावायचा हलका आडोसा. तेराव्या शतकात रुसलेले ज्ञानेश्वर ताटी लावून आत बसले आणि धाकट्या मुक्ताईनं ती उघडायला लावली, ही कथा आणि ‘ताटीचे अभंग’ हे नाव मराठी माणसाला शाळेपासून ठाऊक असतं. ताटी म्हणजे नेमकं काय, हे मात्र मुलांना आता समजावून सांगावं लागतं. बैलगाडीला लावायचा तट्ट्या याच घरातला. हिंदीत ती टट्टी झाली. उन्हाळ्यात वाळ्याच्या टट्ट्या दाराला लावून वर पाणी मारायचं; कोरडा वारा त्यातून आत येताना गार होऊन यायचा. इंग्रज साहेबांना याचं एवढं अप्रूप, की 1886 च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशात ‘टॅटी’ शब्द जाऊन बसला. शौचाला आडोसा म्हणूनही टट्टीच लावत, तेव्हा शब्दाचं पुढं काय झालं ते सांगायला नको. वाळ्याला वासाचा मान होता, तरी त्या शब्दानं वास बदललाच.

सांगलीच्या गावभागातल्या जुन्या घरांना ताटीची फारशी गरजही नव्हती. पुढं सोपा, त्यावर उतरतं कौल, खाली आलेली वळचण. ऊन मूळ भिंतीपर्यंत पोचायच्या आधीच दमायचं. मग स्लॅब आला, सोपा गेला आणि खिडकीवर राहिला तो दीड फुटी छज्जा.

छज्ज्याला नावं ठेवायचं कारण नाही, तो दक्षिणेला चोख काम करतो. सांगली साधारण 16.85 उत्तर अक्षांशावर. डिसेंबरातही भरदुपारी सूर्य इथं क्षितिजापासून 50 अंशांवर असतो; दीड फुटाच्या छज्ज्याची सावली पावणेदोन फूट तरी उतरते. एप्रिलच्या दुपारी तर अख्खी भिंत सावलीत. पण पश्चिमेला? एप्रिलच्या मध्यावर संध्याकाळी साडेपाचला सूर्य जेमतेम 17 अंशांवर, अगदी समोर असतो. त्याच छज्ज्याची सावली उरते अर्धा फूट. बाकीचं ऊन थेट पलंगावर. तिथं आडवं काही चालत नाही, उभंच सोडावं लागतं. म्हणून ताटी परत आली, फक्त बुरुडाच्या हातची नव्हे, प्लॅस्टिकची.

आतून जाड पडदा लावला तर चालत नाही का? अंधार होतो, गारवा होत नाही. ऊन काचेतून आत येतं, पडदा तापतो आणि त्या तापलेल्या पडद्याची धग काच बाहेर जाऊ देत नाही. जाळीसुद्धा तापते, हात लावून बघा. पण ती बाहेर असल्यानं तिची धग वारा घेऊन जातो.

हीच गोष्ट वास्तुविशारद ल कॉर्बुझिएनं काँक्रीटमध्ये मांडली. अहमदाबादेत 1954 साली झालेल्या मिल ओनर्स असोसिएशनच्या इमारतीला पश्चिमेकडं तिरप्या उभ्या पट्ट्या आहेत. ऊन अडतं, वारा येतो. आता सांगलीत विश्रामबागेतल्या नव्या बंगल्यांना ॲल्युमिनियमचे लूव्हर आणि बटणावर खाली येणारे पडदे दिसायला लागलेत. सरकारच्या 2018 च्या इको-निवास संहितेनंही भिंती-खिडक्यांतून घरात शिरणाऱ्या उष्णतेला चौरस मीटरला 15 वॉटची मर्यादा घातली आणि त्या हिशेबात खिडकीबाहेरच्या आडोशाचं माप धरलं. बुरुडाला हे कळलं असतं तर त्यानं भाव वाढवला असता.

माझी पहिली जाळी मी नव्वद टक्क्याची आणली होती, जास्त टक्के म्हणजे जास्त गारवा या शाळकरी समजुतीनं. ऊन थांबलं, वाराही थांबला आणि हिरव्या उजेडात जेवताना वरण पालकाचं वाटायला लागलं. पुढच्या वर्षी पन्नासची आणली. भिंतीला चिकटवून न बांधता वीतभर पुढं सोडली, वरून वारा निघायला फट ठेवली. मग खोली बसण्यासारखी झाली.

खालची सुतळी मात्र सरकगाठीनं बांधायची. मे महिन्यात संध्याकाळी मिरजेकडून आभाळ काळं झालं की वळीव येतो आणि त्याच्या आधीचा वारा जाळीचं शीड करतो. मागच्या वर्षी मी पक्की गाठ मारली होती. खिळ्यांसकट गिलाव्याचा पोपडा घेऊन जाळी शेजारच्या परड्यातल्या शेवग्यावर जाऊन बसली, आणि शेजारच्या काकूंनी ती दोन दिवस तिथंच राहू दिली. खाली त्यांनी सांडगे घातले होते.