मोड, डागडुजी आणि छंद : पुण्यातील जुन्या वस्तूंचा इतिहास

जुनी वस्तू स्वस्तात मिळवायची, तिची हौसेने डागडुजी करायची आणि तिला दिवाणखान्यात जागा द्यायची किंवा निराळ्याच कामाला लावायची, हा छंद पुण्यात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फोफावला. त्याची मुळे त्याहून बरीच जुनी आहेत. पेठांतल्या कारागिरांचे पोटापाण्याचे धंदे, घरोघरची काटकसर आणि आठवड्यातून दोनदा भरणारा जुना बाजार यांतून हा छंद उभा राहिला, आणि आजही तो त्यांच्याच आधाराने चालतो.

अठराव्या शतकात पुणे पेशव्यांचे ठाणे झाले. १७३० मध्ये शनिवारवाड्याचा पाया घातला गेला आणि भोवती नव्या पेठा वसत गेल्या. कारागीरही शहरात येऊन स्थिरावले. कोकणातून आलेल्या त्वष्टा कासारांची वस्ती कसबा पेठेत झाली. तीच तांबट आळी. हंडे, कळश्या, घंगाळी, पिंपे आणि बंब हा त्यांचा घरगुती माल. पत्र्यावर हातोडीने ओळीने ठोके देऊन तो मजबूत आणि चकचकीत करण्याच्या त्यांच्या कामाला मठारकाम म्हणतात. ठोक्यांची ती नक्षी दिसायला सुंदर असली, तरी तिचा पहिला हेतू पत्र्याला ताठपणा आणण्याचा होता.

तांब्या-पितळेचे भांडे कधीच पूर्णपणे टाकाऊ होत नसे. फुटके भांडे दुकानात वजनावर मोडीत जाई, मोडीचा भाव नव्या भांड्याच्या किमतीतून वजा होई आणि गिऱ्हाईक वरचा फरक व घडणावळ तेवढी देई. लेकीच्या लग्नातल्या घागरीत आजीच्या परातीचे तांबे असणे ही नेहमीची गोष्ट होती. मोडीत घालण्याइतके भांडे खराब झाले नसेल तर त्याला डाख लावून गळती बंद करत, आणि आतून कल्हई होई. पितळेच्या भांड्यात ताक किंवा आंबट कालवण कळकते, ते टाळण्यासाठी कथिलाचा हा पातळ थर लागे. कल्हईवाला अंगणात खड्डा करून भाता लावी, भांडे तापवून त्यात नवसागराची पूड टाकी आणि पांढरा धूर उसळताच कथिलाची कांडी फिरवून कापसाच्या बोळ्याने तो रस झरझर सगळीकडे पसरवी. भांडे लगेच पाण्यात बुडवले की आतून रुपेरी होऊन निघे. नवसागरामुळे धातूवरचा मळाचा व गंजाचा थर सुटतो आणि कथील घट्ट बसते, एवढेच त्यातले रसायन. स्टेनलेस स्टील स्वयंपाकघरात आले आणि हा व्यवसाय ओसरला.

कापडाचा हिशेबही असाच होता. विरलेल्या नऊवारी लुगड्यांचे आणि धोतरांचे थर एकावर एक घालून, कडेपासून आत आत धावदोरा घालत गोधडी शिवली जाई. सर्वांत मऊ लुगडे वरच्या बाजूला, ठिगळांना जागा आतल्या थरांत. बुधवार पेठेतल्या पासोड्या विठोबाला त्याचे नाव मिळाले ते देवळाजवळ भरणाऱ्या पासोड्यांच्या, म्हणजे जाड पांघरुणांच्या, बाजारामुळे. जे कपडे गोधडीलाही नको होते, ते बोहारणीकडे जात. डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन ती दारोदार फिरे आणि जुन्या कपड्यांच्या बदल्यात पातेली, डबे, वाट्या देई. जरीच्या लुगड्याला ती अधिक भांडी देण्यास तयार असे, कारण खऱ्या जरीतली चांदी वेगळी काढता येते. घासाघीस दीर्घकाळ चाले. एका वाटीवरून सौदा मोडला असे वाटत असतानाच तो जुळे. जमवलेले कपडे धुऊन, बटणे लावून, रफू करून जुन्या बाजारात विकले जात. जुन्या वस्तूला पुन्हा बाजारभाव मिळवून देणाऱ्या पुण्यातल्या व्यवसायांत बोहारणींचे काम सर्वांत मोलाचे म्हणावे लागेल, आणि लिखित इतिहासाने त्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले आहे.

१८१७ च्या खडकीच्या लढाईनंतर इंग्रजांची छावणी पुण्यात आली आणि जुन्या वस्तूंचा दुसरा ओघ सुरू झाला. बदलीवर निघालेले किंवा विलायतेला परतणारे अधिकारी घरातले सामान लिलावात काढत. त्यामुळे लष्कर भागातून खुर्च्या, लिहिण्याची मेजे, आरसे आणि घड्याळे शहरात येऊ लागली. खडकीला १८६९ मध्ये दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला, पुढे देहूरोडलाही लष्करी कोठारे झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारने वाढीव लष्करी सामान मोठ्या प्रमाणावर विकायला काढले, आणि बूट, तंबूचे कापड, पान्हे, पत्र्याच्या पेट्या अशा गोष्टी नागरी वापरात आल्या.

या सगळ्या ओघांना एकत्र आणणारी जागा म्हणजे जुना बाजार. मंगळवार पेठेच्या कडेला, वीर संताजी घोरपडे पथावर, शाहीर अमर शेख चौकाच्या परिसरात तो बुधवारी आणि रविवारी भरत आला. रस्त्यावर अंथरलेल्या ताडपत्रीवर बिजागऱ्या, कुलपे, किल्ल्यांचे जुडगे, गंजलेले रंधे, घड्याळांची यंत्रे, कॅमेरे, फिरत्या तबकडीचे टेलिफोन, नाणी, कंदील, अडकित्ते असा माल मांडलेला असे. त्यात खरे-खोटे सरमिसळ असे. नव्याने ओतलेली पितळी मूर्ती आणि नक्कल केलेले नाणे जुने म्हणून खपवले जाई, त्यामुळे येणाऱ्याला नजर तयार करावी लागे. नाण्याची कड, स्क्रूची खाच, कुलपावरचा कारखान्याचा शिक्का या गोष्टी जाणकार आधी पाहत. सकाळी लवकर येणारे बहुतेक दुकानदार आणि कारागीर असत. सुताराला चांगल्या पोलादाची पटाशी हवी असे, घड्याळजीला एखादे चाक. हौशी माणूस त्यांच्या मागून आला आणि वस्तू निवडायची कशी हे त्यांच्याकडूनच शिकला.

या हौशी माणसांत सर्वांत मोठे नाव दिनकर गंगाधर केळकर यांचे. १८९६ मध्ये जन्मलेले केळकर ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहीत आणि त्यांचा व्यवसाय चष्म्यांचा होता. १९२० च्या सुमारास त्यांनी जुन्या वस्तू जमवायला सुरुवात केली. राजांच्या तलवारी-मुकुटांपेक्षा त्यांना घरातल्या वापराच्या गोष्टी महत्त्वाच्या वाटल्या : दिवे, अडकित्ते, दौती, फण्या, वाद्ये, कोरीव दरवाजे. सातव्या वर्षी वारलेल्या मुलाच्या स्मरणार्थ त्यांनी संग्रहाला ‘राजा’ हे नाव दिले, आणि पुढे बाजीराव रस्त्याजवळचे हे संग्रहालय शासनाच्या स्वाधीन केले. पहिल्या बाजीरावाने कोथरूडला बांधलेल्या मस्तानी महालाचे अवशेष आणून या संग्रहालयात तो पुन्हा उभारला आहे. मोडकळीला आलेल्या वास्तूचे भाग उतरवून दुसऱ्या जागी जोडण्याचे पुण्यातले हे सर्वांत ठळक उदाहरण. १९९० मध्ये केळकर निवर्तले. अडगळीतल्या अडकित्त्याकडे कलावस्तू म्हणून पाहण्याची दृष्टी पुणेकरांना त्यांनी दिली, हे त्यांचे ऋण मोठे आहे.

केळकर वस्तू जमवत होते तेव्हा वाडे उभे होते. ते पडू लागल्यावर जुन्या वस्तूंचा महापूर आला. याला दोन कारणे झाली. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने प्रमाण भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधले. भाडेकरूंना त्यामुळे संरक्षण मिळाले, पण मालकाच्या हाती दुरुस्तीपुरताही पैसा उरेना, आणि वाडे गळू लागले. मग १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याची भिंत गेली आणि मुठा नदीच्या काठच्या पेठांत पाणी शिरले. मातीच्या भिंतींचे वाडे पाण्यात विरघळून बसले. पुढच्या दशकांत उरलेले वाडे एकामागून एक बिल्डरकडे गेले. मालकाला आणि भाडेकरूंना त्याच जागी सदनिका मिळाल्या, मात्र त्या सदनिकांत ना घंगाळाला जागा होती ना चार माणसांच्या झोपाळ्याला.

वाडा उतरवणे हा वेगळा धंदा झाला. खांब, तुळया, कडीपाट, महिरपी, दिंडी दरवाजे आणि फडताळे सुटी करून विकली जात. शंभर-दीडशे वर्षांचे सागवान पूर्ण वाळलेले असते, नव्या लाकडासारखे ते फिरत नाही, म्हणून सुतार ते मुद्दाम मागतात. त्यात अडचणही असते : आत दडलेला एखादा जुना खिळा रंध्याचे पाते आणि करवतीचे दात खराब करतो. त्यामुळे लोहचुंबक फिरवून खिळे शोधणे, वाळवीने पोखरलेला भाग टोचून पाहणे, मग कानस आणि पॉलिश पेपर, आणि शेवटी स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचे पॉलिश असा क्रम ठरला. लाखेचे पॉलिश कापडाच्या पुरचुंडीने पातळ थरांत, प्रत्येक थर सुकू देऊन चढवावे लागते; एकदम जाड थर दिला तर तो चिकट राहतो. हत्यारे आणि साहित्य रविवार पेठेतल्या बोहरी आळीत मिळे. दिंडी दरवाज्यावर काच टाकून टेबल झाले, खांबाच्या दगडी तळखड्यावर कुंडी बसली, झोपाळ्याच्या पितळी कड्यांना दिवे टांगले गेले.

बंबाचे रूपांतर जरा बारकाईने पाहण्यासारखे आहे. बंबाच्या मधून एक नळकांडे जाते. खालच्या जाळीवर ढलप्या किंवा कोळसा पेटवला की धूर त्या नळकांड्यातून वर जातो आणि भोवतालचे पाणी तापते. गॅसचे आणि विजेचे गीझर आल्यावर हजारो बंब मोडीत निघाले. दुरुस्तीला घेतलेल्या बंबात आत क्षारांचे खवले आणि नळकांड्यात काजळीचा थर असतो. दोन्ही खरवडून, सांध्यांची गळती डाख लावून थांबवतात. बाहेरचा हिरवट थर चिंच आणि मिठाने निघतो. घाईने बफिंगच्या चाकावर धरले तर लखलखाट येतो, मात्र मठाराचे ठसे झिजून पुसट होतात, आणि ज्यासाठी वस्तू घेतली तेच हातचे जाते. जाणकार म्हणूनच चिंचेवर थांबतात. भांडे शोभेपुरते असेल तर एवढे पुरे. त्यात अन्न किंवा पाणी ठेवायचे असेल तर शुद्ध कथिलाची कल्हई हवी, कारण कथिलात शिशाची भेसळ असल्यास ते अन्नात उतरते.

पेठांनी यंत्रे दुरुस्त करणाऱ्यांचीही सोय केली. व्हॉल्व्हचा जुना रेडिओ थेट विजेला जोडणे धोक्याचे असते, कारण आतले कागदी कपॅसिटर वयोमानाने बिघडलेले असतात. म्हणून आधी शंभर वॅटचा बल्ब मालिकेत जोडून रेडिओ लावतात. बल्ब पूर्ण प्रकाशाने पेटलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे, मंद झाला तर पुढे जाता येते. लागणारे सुटे भाग बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत मिळतात. सायकलींचे शहर म्हणून ओळख असलेल्या पुण्यात जुन्या सायकलींचा नाद असणे स्वाभाविक होते. कर्वेनगरात २०१७ मध्ये खुल्या झालेल्या विक्रम पेंडसे यांच्या सायकल संग्रहालयात त्या नादाचे फळ दिसते. दुसऱ्या महायुद्धात हवाई छत्रीधारी सैनिकांसाठी बनवलेली बीएसएची घडीची सायकल तिथे आहे. १९७२ मध्ये आलेली चेतक स्कूटर पुण्याच्या परिसरातच बनली, लूनाही त्याच वर्षी आली, आणि त्या पुन्हा चालू करणाऱ्यांना भागांसाठी नाना पेठ गाठावी लागते.

टाकाऊतून काहीतरी घडवण्याला शिक्षणाचे रूप दिले ते आयुका या पुण्यातल्या खगोलशास्त्र संस्थेतल्या पु. ल. देशपांडे मुक्तांगण विज्ञान शोधिकेने. अरविंद गुप्ता यांनी २००३ नंतरच्या दशकभरात तिथे आगपेटीच्या काड्या, स्ट्रॉ, जुन्या बाटल्या, फुटके पेन यांपासून विज्ञानाची खेळणी करून दाखवली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

हौशी माणसाच्या हाती वस्तू पडते, त्याआधी ती कचरावेचक आणि भंगारवाल्यांच्या हातून जाते. पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. कष्टकऱ्यांचे नेते बाबा आढाव यांच्या नेतृत्वाचा तिला आधार होता. तिच्यातूनच २००८ मध्ये ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था महापालिकेबरोबरच्या कराराने घरोघरच्या कचरा संकलनाला लागली. जुने फर्निचर, कपडे, खेळणी, विजेची उपकरणे पुन्हा वापरात जावीत म्हणून तिच्या स्वतंत्र मोहिमाही होतात.

या छंदाला कायद्याची एक चौकट आहे. १९७२ चा पुरावशेष आणि कलानिधी अधिनियम १९७६ मध्ये लागू झाला. शंभर वर्षांहून जुनी मूर्ती, चित्र, नाणे किंवा इतर कलाकृती त्यात पुरावशेष ठरते. हस्तलिखितांना ही मर्यादा पंचाहत्तर वर्षांची आहे. ठरावीक प्रकारच्या पुरावशेषांची नोंदणी करावी लागते, विक्रीच्या व्यवसायाला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला पुरावशेष देशाबाहेर नेता येत नाहीत. पेशवाईतला दरवाजा कापून टेबल करण्याआधी तो केवढा जुना आहे याची चौकशी म्हणूनच करावी लागते. शंका असेल तर पुरातत्त्व विभागाकडे विचारणे आणि तोवर पटाशी बाजूला ठेवणे, हीच पुण्यातल्या जाणत्या हौशींची रीत आहे.