डिपॉवर पतंग (स्नोकाइटिंग)

डिपॉवर पतंग म्हणजे उड्डाण चालू असतानाच ज्याची ओढ स्वाराला कमी-अधिक करता येते, असा चार किंवा पाच दोऱ्यांवर उडणारा मोठा पतंग होय. पतंगाच्या ओढीने पाण्यावर, वाळूवर किंवा बर्फावर घसरत जाण्याच्या खेळांत त्याचा उपयोग होतो. बर्फावरील खेळाला स्नोकाइटिंग म्हणतात आणि तो स्की किंवा स्नोबोर्ड वापरून खेळला जातो. प्रस्तुत लेखात स्कीवरून हा खेळ शिकणाऱ्या व्यक्तीने पहिला डिपॉवर पतंग कसा निवडावा, याचा प्रामुख्याने विचार केला आहे. या निवडीत रंग, नाममुद्रा किंवा वेग यांपेक्षा तीन बाबी निर्णायक ठरतात : पतंगाचा प्रकार, त्याचे क्षेत्रफळ आणि संकटसमयी त्याची ओढ तोडण्याची यंत्रणा.

कार्यपद्धती

संक्रांतीला पतंग उडवणाऱ्यास कण्णीचे महत्त्व ठाऊक असते. कण्णीची गाठ थोडी वर किंवा खाली सरकवली की पतंग वाऱ्याला वेगळ्या कोनात सामोरा जातो आणि त्याची ओढ बदलते. मात्र पतंग एकदा वर गेला की ती गाठ बदलता येत नाही. डिपॉवर पतंगात ही गाठ जणू स्वाराच्या हातात दिलेली असते. पतंगाच्या पुढच्या कडेकडून येणाऱ्या दोन दोऱ्या बारच्या मध्यातून जाऊन कमरेच्या हार्नेसला अडकवलेल्या कडीत, म्हणजे चिकन लूपमध्ये, मिळतात. बहुतेक ओढ या दोऱ्यांमधून थेट शरीरावर येते. मागच्या कडेच्या दोन दोऱ्या बारच्या दोन टोकांना बांधलेल्या असतात. बार शरीरापासून दूर ढकलला की मागच्या दोऱ्या सैल पडतात, पंखाचा वाऱ्याशी होणारा कोन (आघातकोन) कमी होतो आणि ओढ घटते. बार जवळ घेतला की ओढ वाढते. बारचे एक टोक ओढले की पतंग त्या बाजूस वळतो. याशिवाय पुढच्या दोऱ्यांची लांबी बदलणारा एक पट्टा बारच्या वर असतो. वारा वाढल्यास तो ओढून पतंगाची मूळ ओढच कमी करून ठेवता येते.

या रचनेचा महत्त्वाचा परिणाम असा की बार सोडून दिला असता तो आपोआप दूर सरकतो आणि पतंग सर्वांत कमी ओढीच्या स्थितीत जातो. नवशिक्याची सहजप्रवृत्ती नेमकी याच्या उलट असते. घाबरलेला माणूस हातातील वस्तू घट्ट धरतो व छातीशी ओढतो. तसे केल्याने ओढ वाढते आणि तो हवेत उचलला जाण्याचा धोका निर्माण होतो. त्यामुळे ‘घाबरल्यास बार सोडा’ हा धडा पतंग विकत घेण्याआधीच, दोन-तीन चौरस मीटरच्या सरावाच्या पतंगावर गिरवला जाणे इष्ट असते.

‘डिपॉवर’ या नावाने एक गैरसमजही होतो. बार पूर्ण दूर ढकलल्यावर ओढ घटते, शून्य होत नाही. वाऱ्याच्या मानाने फार मोठा असलेला पतंग बार सोडल्यानंतरही माणसाला फरफटत नेऊ शकतो.

इतिहास

शिवलेल्या कप्प्यांत हवा भरून आकार धारण करणारा पंख डॉमिना जॅल्बर्ट यांनी १९६०च्या दशकात विकसित केला. त्याचे अमेरिकी एकस्व १९६६ मध्ये मिळाले. आजचे फॉइल पतंग आणि पॅराग्लायडर हे दोन्ही याच कल्पनेचे वारसदार आहेत. फ्रान्समधील ब्रुनो व डॉमिनिक लेगेन्यू या बंधूंनी १९८४ मध्ये फुगवता येणाऱ्या कडेच्या पतंगाचे एकस्व नोंदवले. तो पाण्यावरून पुन्हा उडवता यावा, हा त्यामागील हेतू होता. ध्रुवीय प्रवाशांनीही वाऱ्याच्या ओढीचा उपयोग केला. नॉर्वेच्या बोर्गे औसलँड यांनी १९९६-९७ मध्ये अंटार्क्टिका एकट्याने पार करताना स्कीसोबत शिडासारखा पंख वापरला होता.

फुगवण्याच्या पतंगांचा प्रारंभीचा इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखा खोल आकार ओढ फारशी कमी करू देत नसे. २०००च्या दशकाच्या मध्यास अधिक सपाट आकाराचे व पुढच्या कडेला कण्णी असलेले ‘बो’ पतंग बाजारात आल्यावर डिपॉवरची व्याप्ती एकदम वाढली. जुना पतंग विकत घेणाऱ्याने ही कालरेषा लक्षात ठेवावी.

प्रकार

बर्फावर वापरल्या जाणाऱ्या पतंगांचे ढोबळमानाने चार प्रकार पडतात. त्यांपैकी पहिल्या पतंगासाठी उघड्या कप्प्यांचे फॉइल हा सर्वाधिक सयुक्तिक पर्याय मानला जातो. त्याच्या पुढच्या कडेला उघड्या खिडक्या असतात व त्यांतून वारा आत शिरून पंख फुगतो; कामशेतच्या टेकड्यांवरून उडणाऱ्या पॅराग्लायडरांमध्ये हीच रचना दिसते. हा पतंग पंपाविना तयार होतो, पाठपिशवीत मावतो आणि खाली उतरवल्यावर त्यातील हवा लवकर निघून जाते, त्यामुळे तो जमिनीवर फार वेळ फडफडत राहत नाही. मदतनीस नसतानाही तो उडवता येतो. त्यासाठी पतंग उताणा पसरून त्याची मागची कड वाऱ्याच्या दिशेस ठेवतात व तिच्यावर बर्फाचा ढीग रचतात. स्वाराने वाऱ्याच्या बाजूस उभे राहून दोऱ्या ताणल्या की पुढची कड उचलली जाते आणि कप्पे भरू लागतात. ओझोन कंपनीचा ‘ॲक्सेस’ हा या वर्गातील नवशिक्यांसाठी बनवलेला परिचित पतंग आहे. उघड्या कप्प्यांचा दोष असा की ओढ फार कमी करून ठेवली व त्याच वेळी वारा हेलकावे देऊ लागला, तर पुढची कड दुमडते आणि पतंग क्षणभर कोसळतो. तो पुन्हा भरतो तेव्हा बसणारा हिसका नवख्याला पाडू शकतो.

बंद कप्प्यांच्या फॉइलमध्ये एकतर्फी झडपा असल्यामुळे हवा आत टिकून राहते. तो पाण्यावरही चालतो व हवेत उत्तम तरंगतो. परंतु उंच उड्या मारणाऱ्यास आवडणारा हा गुण शिकाऊ माणसाच्या हिताचा नसतो. शिवाय उतरवल्यानंतरही तो भरलेलाच राहतो व त्यातील हवा मुद्दाम काढावी लागते.

फुगवण्याच्या कडेचा पतंग झोतांच्या वाऱ्यातही आकार टिकवतो. गोव्यात मोरजीच्या किनाऱ्यावर काइटसर्फिंग शिकलेल्या व्यक्तीकडे बहुधा हाच पतंग असतो आणि तो बर्फावर वापरण्यास तत्त्वतः हरकत नसते. अडचणी व्यवहारातील आहेत : पंप सोबत न्यावा लागतो, कडाक्याच्या थंडीत आतील फुगा व झडपा ताठरतात, टणक बर्फावर किंवा खडकावर पुढची कड आपटून फाटू शकते आणि उडवताना-उतरवताना दुसरा माणूस असलेला बरा. ज्याच्याजवळ असा पतंग आधीच आहे व ज्याला गोठलेल्या तळ्यावरच खेळायचे आहे, त्याने केवळ बर्फासाठी दुसरा पतंग घेण्याची घाई करू नये.

एकपदरी फॉइल हा तुलनेने नवा प्रकार असून फ्लायसर्फरचा ‘पीक’ हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. तो अतिशय हलका असतो, मंद वाऱ्यातही उठतो आणि स्वाराला फारसा उचलत नाही. डोंगरभ्रमंतीसाठी तो विशेष पसंत केला जातो.

चारही प्रकारांत लांबट, अरुंद पंख वेगवान पण चंचल असतात, तर आखूड व रुंद पंख संथ पण समंजस असतात. पहिल्या पतंगासाठी दुसरा घाट योग्य ठरतो.

काही जण स्वस्त मिळतो म्हणून स्थिर कण्णीचा, म्हणजे डिपॉवर नसलेला मोठा पतंग घेतात. अशा पतंगाची ओढ त्याच क्षेत्रफळाच्या डिपॉवर पतंगापेक्षा सामान्यतः अधिक असते आणि वाऱ्याचा झोत आल्यास ती कमी करण्याची सोय मर्यादित असते. एकसारखा वारा असलेल्या मैदानात अनुभवी माणूस तो आनंदाने वापरतो. डोंगराळ प्रदेशातील नवशिक्यासाठी ही बचत महागात पडणारी आहे.

क्षेत्रफळाची निवड

पहिल्या खरेदीत सर्वाधिक चुका क्षेत्रफळाच्या बाबतीत होतात आणि त्या बहुधा एकाच दिशेने, म्हणजे मोठा पतंग घेण्याकडे होतात. मंद वाऱ्यातही घसरता यावे, हा त्यामागील विचार असतो. तो तपासून पाहण्याजोगा आहे.

पतंगाची ओढ क्षेत्रफळाच्या सम प्रमाणात, पण वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वारा १० नॉटवरून १४ नॉट झाला की ओढ जवळजवळ दुप्पट होते. ८ नॉटचा १६ नॉट झाल्यास चौपट. याउलट ८ चौरस मीटरऐवजी १२ चौरस मीटरचा पतंग घेतल्यास ओढ केवळ दीडपट होते. ढोबळ हिशेबाने ८ चौरस मीटरचा पतंग १२ नॉट वाऱ्यात जेवढा ओढतो, तेवढाच १२ चौरस मीटरचा सुमारे १० नॉट वाऱ्यात ओढतो. म्हणजे मोठ्या पतंगाने खालच्या बाजूस अवघ्या दोन नॉटांचा लाभ होतो. वरच्या बाजूस मात्र लहान पतंग १८ नॉटपर्यंत आवाक्यात राहत असेल, तर मोठा १५ नॉटच्या आतच हाताबाहेर जातो. डोंगरातील वारा एका दुपारी एवढा सहज बदलतो.

स्कीच्या बाबतीत लहान पतंगाच्या बाजूने आणखी एक कारण आहे. घट्ट बसलेल्या बर्फावर घर्षण फारच कमी असल्यामुळे स्की थोड्या ओढीनेही चालू लागतात. स्वार वेगात आल्यावर त्याच्या स्वतःच्या गतीमुळे पतंगाला जाणवणारा वारा खऱ्या वाऱ्यापेक्षा वाढतो आणि ओढही वाढते. म्हणून पाण्यावर ज्या वाऱ्यात १२ चौरस मीटरचा पतंग लागतो, त्याच वाऱ्यात स्कीवर पुष्कळ लहान पतंग पुरतो. ताज्या, खोल भुसभुशीत बर्फात हे गणित बदलते व एक आकार मोठा पतंग लागू शकतो.

सुमारे ७५ किलो वजनाच्या, स्की बऱ्यापैकी येणाऱ्या व्यक्तीने १० ते १६ नॉट वाऱ्यासाठी ८ चौरस मीटरच्या आसपासचा फॉइल घेणे व्यवहार्य ठरते. ५५ ते ६० किलो वजनाच्या व्यक्तीस ६ चौरस मीटर पुरेसे होतात; ९० किलोच्या पुढे १० चौरस मीटरचा विचार करता येतो. हे आकडे दिशादर्शक आहेत. उत्पादकाने त्या विशिष्ट पतंगासाठी दिलेला वाऱ्याचा तक्ता अधिक ग्राह्य मानावा आणि तक्त्यातील वरची मर्यादा तरबेज स्वारासाठी असते, हे ध्यानात ठेवावे.

हवेची घनता हाही एक दुर्लक्षित घटक आहे. समुद्रसपाटीवर उणे १० अंश सेल्सियसची हवा २० अंशांच्या हवेपेक्षा सुमारे ११ टक्के अधिक घन असते, त्यामुळे गोठलेल्या सखल तळ्यावर तोच वारा उन्हाळ्यातील किनाऱ्यापेक्षा जोराने ओढतो. उंचीवर याच्या उलट घडते. फ्रान्समधील २,०५८ मीटर उंचीच्या लोतारे खिंडीत त्याच थंडीतही हवा उन्हाळी किनाऱ्यापेक्षा सुमारे १३ टक्क्यांनी विरळ असते.

सुटकेची यंत्रणा

ओढ तोडण्याच्या सामान्यतः तीन पायऱ्या असतात. पहिली, बार सोडणे. दुसरी, चिकन लूपवरील सुटकेची कळ ढकलणे. यामुळे पतंग हार्नेसपासून सुटतो व लीशच्या आधारे एखाद्याच दोरीवर फडकत जमिनीवर येतो. तिसरी, लीशही सोडून पतंग पूर्णपणे मुक्त करणे. शेवटची पायरी वाऱ्याच्या दिशेला दुसरे कोणी असल्यास त्यांच्यासाठी धोकादायक असते, तरीही फरफटत जाणाऱ्याने ती वापरण्यास कचरू नये. काइटबोर्डिंगच्या सुटकायंत्रणेसाठी २०२० मध्ये आयएसओ २१८५३ हे मानक प्रसिद्ध झाले. नवा बार घेताना तो या मानकास अनुसरून आहे काय, हे विचारणे योग्य.

बर्फावर या यंत्रणेचा खरा शत्रू म्हणजे कळीत शिरून गोठणारे पाणी. दुकानातील उबेत सहज सरकणारी कळ उणे १५ अंशांत अडकू शकते. ती जाड हातमोज्यांनिशी, न पाहता, एका हाताने दाबता आली पाहिजे. पतंग पसंत करताना हातमोजे घालूनच ही चाचणी घ्यावी आणि पुढे दररोज पतंग उडवण्यापूर्वी ती पुन्हा करावी. हार्नेस मांड्यांभोवती पट्टे असलेला असल्यास स्कीवर अधिक सोयीचा ठरतो, कारण तो ओढीमुळे छातीवर सरकत नाही. हेल्मेट अनिवार्य समजावे.

भूप्रदेशाचा संबंध

पतंग कोठे वापरला जाणार, यावरही निवड अवलंबून असते. नॉर्वेतील हार्दांगरविद्दा हे झाडे नसलेले विस्तीर्ण पठार असून त्याच्या उत्तर कडेचे हाउगास्तोल गाव व १,२२२ मीटर उंचीवरील फिन्से स्थानक ही स्नोकाइटिंगची नावाजलेली केंद्रे आहेत. तेथे वाऱ्याला अडथळा कमी असल्यामुळे तो बराचसा एकसारखा वाहतो. आल्प्सच्या खिंडींत मात्र कड्यांमागे वारा भोवऱ्यासारखा फिरतो आणि उतारावर हिमस्खलनाचा धोका असतो. अशा ठिकाणी सहज न दुमडणारा, संथ पतंगच हवा आणि वाऱ्याच्या अंदाजाबरोबर हिमस्खलनाचे दैनिक पत्रकही वाचावे लागते. गोठलेली तळी सपाट म्हणून शिकण्यास सोपी असतात. परंतु त्यांवरील उघड्या, काचेसारख्या बर्फात स्कीच्या कडा रुतत नाहीत, त्यामुळे ओढीला विरोध करता येत नाही. बर्फाच्या जाडीची स्थानिकांकडून खात्री करूनच तेथे उतरावे.

वापरलेला पतंग

वापरलेला पतंग घेण्यात गैर काही नाही. कापड प्रकाशासमोर धरून भोके व जुनी ठिगळे पाहावीत. कापडाला तोंड लावून हवा ओढून पाहावी. हवा सहज आरपार येत असल्यास त्याचा लेप झिजलेला आहे व पतंग जडपणे उडेल. चारही दोऱ्या एका खुंटीला अडकवून ताणल्यास त्यांच्या लांबीतील फरक लगेच कळतो. ताण सतत पुढच्या दोऱ्यांवर येत असल्याने त्याच अधिक लांबलेल्या आढळतात आणि मग बार पूर्ण दूर नेला तरी पतंग अपेक्षेइतकी ओढ सोडत नाही. दोऱ्या बदलणे फार खर्चाचे नसते. सुटकेची कळ जुन्या पद्धतीची असल्यास पतंगाच्या उत्पादकाने मान्य केलेला नवा बार घ्यावा लागतो; त्याची किंमत सौद्यात आधीच धरावी.

दहा-बारा वर्षांहून जुना पतंग, विशेषतः खोल ‘सी’ आकाराचा, किंमत कितीही कमी असली तरी पहिला पतंग म्हणून टाळावा.