शिश्नावरील निरुपद्रवी पुटकुळ्या

पुरुषाच्या जननेंद्रियाच्या त्वचेवर आपोआप येणारे, संसर्गाशी संबंध नसलेले आणि कर्करोगात न बदलणारे लहान उंचवटे. यांचे तीन प्रकार मुख्य आहेत : लिंगमुंडाच्या कडेवरील मोतीपुटकुळ्या, फोर्डाइस ठिपके आणि वृषणकोशावरील लालजांभळे ठिपके. शरीरसंबंधातून ते येत नाहीत, जोडीदाराला लागत नाहीत आणि त्यांचा मूल होण्यावर परिणाम होत नाही.

स्वरूप : मोतीपुटकुळ्या एक ते दोन, क्वचित तीन मिलिमीटर उंच, त्वचेच्या रंगाच्या किंवा पांढुरक्या असतात. लिंगमुंडाच्या कडेभोवती त्यांची एक वा अधिक ओळींची माळ दिसते. दुखणे, खाज किंवा स्राव नसतो. वयात आल्यानंतर त्या लक्षात येतात व वय वाढेल तशा पुसट होत जातात. निरनिराळ्या देशांतील पाहण्यांत त्यांचे प्रमाण सुमारे १४ ते ४८ टक्के आढळले आहे. सुंता झालेल्यांत त्या कमी दिसतात असे बहुतेक पाहण्या सांगतात. कारणाबाबत एकमत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांत तंतुमय ऊतक व रुंदावलेल्या रक्तवाहिन्या दिसतात. चामखिळीचा विषाणू एचपीव्ही हा त्यांचे कारण नाही.

फोर्डाइस ठिपके म्हणजे केसाविना असलेल्या तैलग्रंथी. शिश्नाच्या दांड्यावर त्वचा ताणली की ते पिवळसर दाण्यांसारखे उठून दिसतात, ओठांवरही असतात. अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञ जॉन ॲडिसन फोर्डाइस यांनी १८९६ मध्ये त्यांचे वर्णन केले. वृषणकोशावरील ठिपक्यांचे वर्णनही त्यांचेच. हे ठिपके बहुधा उतारवयात येतात व खाजवल्यास रक्त येते. तरुण वयात मांड्या-कंबरेवरही पसरले असतील, तर फॅब्री या आनुवंशिक विकाराची तपासणी करावी लागते.

निदान : जाणत्या डॉक्टरला बहुधा नुसत्या डोळ्यांनी पाहून निदान करता येते. शंका राहिल्यास डर्मोस्कोप या भिंगाने पाहतात. त्वचेचा तुकडा काढण्याची वेळ क्वचित येते. व्हिनेगरसारखे ॲसिटिक आम्ल लावून पाहण्याची चाचणी भरवशाची नाही, कारण निर्दोष त्वचाही तिने पांढरी पडू शकते. खरा प्रश्न असतो चामखिळीपासून वेगळे ओळखण्याचा. एचपीव्हीच्या चामखिळी ओळीत नसतात, आकाराने असमान असतात, फ्लॉवरच्या गड्ड्यासारख्या वाढतात आणि आठवड्यांत संख्या बदलते. मोलस्कम या विषाणूजन्य त्वचाविकाराच्या पुळीला मध्ये खळगा असतो. खरजेच्या गाठी रात्री खाजतात आणि घरातल्या इतरांनाही खाज असते. उपदंशाच्या दुसऱ्या टप्प्यातील चपटे, ओलसर उंचवटे विसरू नयेत. त्यासाठी रक्ततपासणी लागते.

उपचार : गरज नाही. समजावून सांगणे हाच मुख्य उपचार, आणि तो घाईत करू नये. दिसण्याचा त्रास फारच होत असेल, तर कार्बन डायऑक्साइड लेसर, विद्युत्दहन किंवा द्रव नायट्रोजनने गोठवणे हे मार्ग आहेत. व्रण राहणे, रंग बदलणे आणि पुटकुळ्या पुन्हा येणे हे धोके आधी सांगायला हवेत. चामखिळीवरचे पोडोफायलिन किंवा ट्रायक्लोरोॲसेटिक आम्ल येथे वापरू नये.

घातक घरगुती उपाय : इजा होते ती बहुतेकदा येथेच. चामखीळ समजून घोड्याचा केस घट्ट बांधणे, चुना व धुण्याचा सोडा लावणे, रुईचा चीक किंवा बिब्ब्याचे तेल लावणे हे उपाय महाराष्ट्रात ऐकू येतात. हाताच्या जाड त्वचेवर जे कसेबसे सोसले जाते, ते येथील पातळ त्वचेला भाजून काढते. बिब्ब्याने येणारे फोड आणि सूज लांबवर पसरतात. नंतर जखम, व्रण व पुढची त्वचा मागे न सरकणे असे विकार उरतात. निरोगी भागाची अशी नासाडी पूर्णपणे टाळता येण्याजोगी आहे.

संकोच व जाहिराती : ‘गुप्तरोग’ या नावाखाली हा विषय जाहिरातबाज वैद्यांच्या हाती गेला. औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ नुसार लैंगिक रोग बरे करण्याच्या जाहिरातीस मनाई आहे. पहिल्या गुन्ह्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. मराठीत लैंगिक विषयावर उघडपणे लिहिण्याचे काम र. धों. कर्वे (१८८२–१९५३) यांनी केले. जुलै १९२७ पासून मृत्यूपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक त्यांनी एकहाती चालवले. वाचकांच्या लैंगिक शंकांना छापील उत्तरे दिल्याबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ च्या त्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. निकाल कर्वे यांच्या विरुद्ध गेला. शंका विचारण्याची जागा असणे हे आरोग्यसेवेचेच अंग आहे, हे त्या प्रकरणातून दिसते.

कर्जत–खालापूर परिसरातील (जि. रायगड) तपासणीची सोय : कडाव किंवा आसपासच्या वाड्यांतील तरुणाला आधी कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयात दाखवता येते. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमातील सुरक्षा क्लिनिकमध्ये लैंगिक आजारांची तपासणी विनामूल्य होते. किशोरवयीनांसाठी मैत्री क्लिनिक आहेत. त्वचारोग विभाग असलेले मुंबईचे जे. जे. रुग्णालय लोकलने गाठता येते. घसा किंवा सर्दी दाखवतो तसेच हे दाखवावे, आणि डॉक्टरांनीही आडोसा व वेळ द्यावा.

स्त्रियांतील समांतर स्थिती : योनिमुखाच्या आत दिसणारे मऊ, सारख्या आकाराचे उंचवटे, तेही निरुपद्रवी.

तातडीने दाखवण्याची लक्षणे : न भरणारा व्रण, स्राव, जांघेतील गाठ, अचानक वाढलेला किंवा कठीण उंचवटा.