सांगाड्यावरून उंची व शरीरबांधा निश्चिती
मानवी हाडांच्या मापांवरून व्यक्तीची हयातीतील उंची, वजन व बांधा यांचा अंदाज बांधण्याची शारीरिक मानवशास्त्रातील पद्धती.

उगम : फ्रान्समध्ये एत्येन रोले यांनी १८८८ मध्ये मृतदेहांची उंची व त्यांच्या लांब हाडांची मापे नोंदविली. त्यांच्या आधारे कार्ल पिअर्सन यांनी १८९९ मध्ये समाश्रयण समीकरणे मांडली (पहा : संख्याशास्त्र). मिल्ड्रेड ट्रॉटर व गोल्डीन ग्लेसर यांची सूत्रे १९५२ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांत दुसऱ्या महायुद्धातील मृत अमेरिकन सैनिकांच्या अवशेषांचा आधार होता.

वैशिष्ट्ये : अशा समीकरणांवर आधारित गणिती पद्धतीत एक लांब हाडही पुरते; त्यांत ऊर्वस्थी (मांडीचे हाड) व जंघास्थी (नडगीचे हाड) अधिक विश्वसनीय ठरतात. ट्रॉटर-ग्लेसर यांच्या श्वेतवर्णीय पुरुषांसाठीच्या सूत्रानुसार उंची = २·३८ × ऊर्वस्थीची लांबी + ६१·४१ सेंमी.; प्रमाण त्रुटी ३·२७ सेंमी. जॉर्ज फ्यूली यांच्या शारीर पद्धतीत (१९५६) कवटी, मणके, ऊर्वस्थी, जंघास्थी व घोटा-टाचेची हाडे यांच्या उंचीची बेरीज करून मृदू ऊतींसाठी १० ते ११·५ सेंमी. मिळवितात. या पद्धतीसाठी जवळजवळ पूर्ण सांगाडा लागतो. वजनाचा अंदाज ऊर्वस्थीच्या शीर्षाच्या व्यासावरून, तर बांध्याचा श्रोणीच्या रुंदीवरून करतात.

मर्यादा : अवयवांचे प्रमाण लिंग व लोकसमूहानुसार बदलते, म्हणून सूत्रे सर्वत्र लागू पडत नाहीत. वाढत्या वयातील मुलांसाठी स्वतंत्र सूत्रे लागतात. जळालेली हाडे आकसतात, त्यामुळे त्यांवरून केलेला अंदाज चुकू शकतो.

महत्त्व : अनोळखी मृतांची ओळख पटविणे (पहा : न्यायवैद्यक) आणि प्राचीन समाजांचे पोषण व आरोग्य समजणे यांसाठी ही पद्धती उपयुक्त आहे (पहा : इनामगाव, पुरातत्त्वविद्या).