फुटबॉलचे स्पॅनिश बारसे

परका शब्द भाषेच्या दाराशी येऊन उभा राहिला म्हणजे त्याला घरात घ्यावयाचे, की त्याच्या जागी घरचाच शब्द घडवावयाचा, हा प्रश्न मराठी माणसाला नवा नाही. ‘मेयर’चा ‘महापौर’ झाला आणि तो रुळला. ‘क्रिकेट’ मात्र क्रिकेटच राहिले. भाषाशुद्धीच्या वादात उभय पक्षांनी या प्रश्नावर पुष्कळ शाई खर्ची घातली. स्पॅनिश भाषेपुढे हाच प्रश्न ‘फुटबॉल’ या एका इंग्रजी शब्दाच्या निमित्ताने उभा राहिला. तेथे त्याचा निकाल पंडितांनी दिला नाही आणि सरकारनेही दिला नाही. तो दिला मैदानाभोवती जमणाऱ्या गर्दीने.

या खेळाचे नियम लंडन येथे १८६३ साली लिहिले गेले. त्यानंतर इंग्रजांचे भांडवल जेथे जेथे गेले, तेथे तेथे त्यांचा चेंडूही गेला. १८६७ साली ब्वेनोस आयरेस येथे तेथील इंग्रज रहिवाशांनी पहिला सामना खेळला. स्पेनच्या दक्षिणेस रिओ तिंतोच्या खाणींमुळे इंग्रज वस्ती वाढली होती; तेथून जवळच्या वेल्वा शहरात १८८९ साली एक क्रीडामंडळ निघाले. उत्तरेस बिल्बाओच्या बंदरातही हा खेळ इंग्रजांबरोबरच उतरला. खेळाबरोबर अर्थातच त्याचे शब्द आले. मंडळांच्या पाट्यासुद्धा इंग्रजी असत. ब्वेनोस आयरेसच्या एका विख्यात मंडळाने तर आपल्याच ‘रिओ दे ला प्लाता’ नदीचे इंग्रजांनी केलेले ‘रिव्हर प्लेट’ हे नाव धारण केले, आणि ते आजही तसेच आहे.

हे सारे ज्यांना खटकले, त्यांत मारियानो दे काव्हिया हा माद्रिदचा नामांकित पत्रकार होता. १९०८ साली त्याने ‘एल इंपार्सियाल’ या वृत्तपत्रातून ‘बालोंपिए’ या शब्दाचा पुरस्कार केला. ‘बालोन’ म्हणजे मोठा चेंडू आणि ‘पिए’ म्हणजे पाय. इंग्रजीत पाय आधी व चेंडू मागून येतो. येथे हा क्रम उलटला. शब्द निर्दोष होता, अर्थवाही होता आणि कानालाही गोड होता. सेव्हिल शहरातील एका मंडळाने तो आपल्या नावात घेतला, आणि १९१४ साली दोन मंडळे एकत्र येऊन ‘रेआल बेतिस बालोंपिए’ हे मंडळ उदयास आले. जिब्राल्टरच्या इंग्रजी ठाण्याला अगदी लागून असलेल्या ला लीनेआ या गावच्या मंडळाचे नावही याच शब्दावरून पडले आहे.

परंतु पाटीवरचा शब्द ओठांवर येईना. लोक ‘फूतबोल’ म्हणत राहिले. त्यातही स्पेनने आघात पहिल्या अक्षरावर दिला, तर मेक्सिकोने शेवटच्या. कारण उघड आहे. काव्हियाचा लेख छापून येण्यापूर्वी जवळजवळ वीस वर्षे हा शब्द बंदरांतून व खाणींच्या गावांतून कानोकानी फिरत होता. तो कोशातून आला नव्हता. खेळता खेळता आला होता.

त्याच्या गोतावळ्यातील शब्दांची कथा याहून मौजेची आहे. इंग्रजी ‘गोल’ या एकाच शब्दाने दोन खांबांची चौकटही दर्शविली जाते आणि तीत चेंडू गेल्याने मिळणारा गुणही. स्पॅनिश भाषेने हे दोन अर्थ वेगळे केले. चौकटीला स्पेनमध्ये ‘पोर्तेरिया’ आणि आर्जेन्टिनात ‘आर्को’, म्हणजे कमान, असे घरचे शब्द मिळाले. म्हणून चौकट राखणारा एकीकडे ‘पोर्तेरो’, म्हणजे द्वारपाल, तर दुसरीकडे ‘आर्केरो’. मिळालेला गुण मात्र ‘गोल’च राहिला, कारण आनंदाच्या भरात ओरडताना भाषांतर कोण करीत बसणार? पंचाला ‘आर्बित्रो’ हा जुना लॅटिन वंशाचा शब्द मिळाला. ‘ऑफसाइड’ला ‘फुएरा दे खुएगो’ असा सरळ पर्याय निघाला. तथापि आर्जेन्टिनात तोच शब्द ‘ओर्साय’ होऊन बसला आणि खेळाबाहेरही गाफील सापडलेल्या माणसाला लावला जाऊ लागला.

यादवी युद्धानंतर मात्र प्रकरण रुचीचे न राहता सक्तीचे झाले. फ्रांकोच्या राजवटीने १९४० साली पाट्यांवरील व व्यापारी नावांतील परकीय शब्दांना बंदी केली, आणि १९४१ साली क्रीडामंडळांवरही तीच पाळी आली. बिल्बाओच्या ‘अ‍ॅथलेटिक’ला ‘आत्लेतिको’ व्हावे लागले; ‘फुटबॉल क्लब बार्सेलोना’ हे नाव उलटून ‘क्लुब दे फूतबोल बार्सेलोना’ झाले. बास्क आणि कातालान या भाषांवर त्याच राजवटीची जरब होती. तेव्हा त्या शहरांतील लोकांना हा केवळ व्याकरणाचा फेरफार कसा वाटावा? गंमत अशी की, शुद्धीच्या या हुकुमाखालीही ‘फूतबोल’ हा शब्द टिकलाच. इंग्रजांचा शब्द एव्हाना स्पेनचा झाला होता. राजवटीच्या अखेरच्या वर्षांत, १९७२ साली, बिल्बाओने आपले जुने नाव परत घेतले आणि पुढे बार्सेलोनानेही तेच केले. माद्रिदचे मंडळ मात्र ‘आत्लेतिको’च राहिले.

यावरून भाषांतर व्यर्थ असते असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. ‘बास्केटबॉल’ला त्याच साच्यातून घडलेला ‘बालोन्सेस्तो’ हा शब्द स्पेनमध्ये सहज रूढ झाला. अमेरिकेतील स्पॅनिश देशांत मात्र बहुधा ‘बास्केतबोल’च चालतो. शब्दाचे भाग्य त्याच्या शुद्धतेवर अवलंबून नसते; तो केव्हा येतो, कोणाच्या तोंडून येतो आणि त्याच्या पाठीशी प्रेम असते की हुकूम, यावर ते ठरते. काव्हियाचा ‘बालोंपिए’ हरला खरा, पण मेला नाही. कोणीही सक्ती न करता सेव्हिलच्या त्या मंडळाने तो आजवर अभिमानाने मिरविला आहे. सामन्याच्या दिवशी त्याचे भक्त हिरव्यापांढऱ्या वेषात घराबाहेर पडतात ते ‘बालोंपिए’च्या नावाचा जयजयकार करीत, आणि पाहावयास जातात तो ‘फूतबोल’.