पाठमोरे बलभद्र

२२ ऑक्टोबर २०१८ रोजी नाशिक जिल्ह्यातल्या मांगीतुंगी या जैन तीर्थाच्या पायथ्याशी विश्वशांती अहिंसा संमेलन भरलं. जैन साध्वी गणिनीप्रमुख ज्ञानमती माताजींच्या प्रेरणेने अखंड कातळातून कोरलेली तीर्थंकर ऋषभदेवांची १०८ फुटी मूर्ती २०१६ पासून तिथे उभी आहे. संमेलनाच्या उद्घाटनाला राष्ट्रपती रामनाथ कोविंद आले होते. पुढच्या ऑक्टोबरात तेच राष्ट्रपती लष्कराच्या हवाई विभागाला ध्वज प्रदान करायला पुन्हा नाशिकला आले. नाशिकजवळच्या देवळाली कॅम्प या लष्करी छावणीत राहणाऱ्या आम्हाला यात वावगं काही दिसलं नाही. आमच्या घरात अहिंसा आणि लष्कर हे दोन्ही विषय रोजच्या चहाला असत.

देवळालीला लष्कराचं तोफखाना विद्यालय आहे. आजोबा लष्कराच्या बांधकाम खात्यात लागले. सरावाच्या दिवशी खिडक्यांची तावदानं थरथरायची. आजोबा सांगत, "आधी रेंजवर लाल बावटा चढतो, गुराखी ढोरं आवरतात, मगच तोफ उडते." या शिस्तीचा त्यांना फार अभिमान होता.

शेजारच्या जैन आजींचं एवढ्यावर समाधान होत नसे. बागलाणातला मांगीतुंगीचा डोंगर त्या तरुणपणी चढल्या होत्या. त्यांची गोष्ट अशी : कृष्णाच्या देहाला अग्नी देऊन त्याचे थोरले भाऊ बलभद्र यांनी मांगीतुंगीला दीक्षा घेतली. एकदा ते आहारासाठी गावाकडे निघाले. विहिरीवर पाणी शेंदणारी बाई त्यांचं रूप बघतच राहिली आणि घागरीऐवजी कडेवरच्या पोराच्या गळ्याला तिने दोर बांधला. ते पाहून मुनी माघारी फिरले, ते पुन्हा वस्तीत गेले नाहीत. डोंगराकडे तोंड करून तपाला बसले. "म्हणून मूर्तीसुद्धा पाठमोरी," आजी म्हणायच्या.

"पण त्यांचा काय दोष?" आजोबा विचारत.

"दोष नाहीच हो. पण त्यांच्यापायी झालं ना!"

आजींची ही अट मला भयंकर कठीण वाटते. शस्त्र खाली ठेवा म्हणणं त्यामानाने सोपं. आपल्या नुसत्या असण्याने कुणाच्या गळ्याला दोर लागतो का, हे सामर्थ्यवानाने स्वतःच पाहायचं! जगातल्या बलाढ्य देशांनी शांततेच्या व्यासपीठावर आधी याच प्रश्नाचं उत्तर द्यावं, असं मला मनापासून वाटतं.

निवृत्तीनंतर ही गोष्ट आजोबाच आम्हा पोरांना सांगू लागले. विहिरीपाशी आले की थांबायचे आणि म्हणायचे, "तिथे आणखी कुणीतरी असेलच की. त्याने त्या बाईला हाक मारायला हवी होती."