तुंगारचें रान

वसईचा इतिहास म्हटला कीं सांगणारा किल्ल्यापाशीं आरंभ करतो आणि बहुधा किल्ल्यापाशींच थांबतो. 1534 सालीं गुजराथच्या बहादुरशहानें पोर्तुगीजांस दिलेली वसई, 1739 च्या मे महिन्यांत चिमाजी आप्पांनीं घेतलेली वसई आणि 1802 सालीं दुसऱ्या बाजीरावानें जेथें इंग्रजांशीं तह केला ती वसई, एवढ्यांत सारी कथा आटोपते. किल्ल्याच्या पूर्वेस अवघ्या कांहीं मैलांवर दोन हजार फुटांहून उंच असा तुंगारचा डोंगर उभा आहे. त्याची विचारपूस महाशिवरात्रीस तुंगारेश्वराच्या दर्शनाला जाणारे करतात, इतिहासकार क्वचित्. वास्तविक वसई व आगाशी येथें गलबतें बांधलीं जात, आणि गलबतास साग लागतो. तो काय समुद्रांतून उगवत नाहीं.

सतराव्या शतकांत हें रान दोन सत्तांच्या मध्यें सांपडलें होतें. पश्चिमेस पोर्तुगीज, पूर्वेस, 1657 पासून, शिवाजी महाराज. कल्याण-भिवंडी हातीं येतांच महाराजांनीं तेथील खाडींत आरमाराची उभारणी सुरू केली व त्या कामावर पोर्तुगीज कारागीर नेमले. या आरमाराचा धोका वसईच्या अधिकाऱ्यांनीं ओळखला. त्यांनीं आपल्या माणसांस आंतून फितविलें, आणि ते काम टाकून चालते झाले. माणसांचा हा सीमाभेद रानांतल्या बिबळ्याच्या मात्र गांवींही नसावा.

चिमाजी आप्पांनीं वसई घेतल्यावर ही सीमा मिटली; पण डोंगराच्या पायथ्याशीं दुसरी एक सीमा आंखली गेली, आणि ती वारली, कातकरी व कोळी यांच्या पाड्यांस अधिक जाचक झाली. 1878 च्या जंगल कायद्यानें रानाचे राखीव आणि संरक्षित असे भाग पडले. कोंकणांतला शेतकरी भाताचें रोप लावण्यापूर्वीं झाडांच्या फांद्या छाटून, त्यांवर पालापाचोळा, गवत व शेण पसरून ती जमीन भाजतो. यालाच राब म्हणतात. राबावांचून रोप जोमानें येत नाहीं, अशी त्याची पिढ्यान् पिढ्यांची समजूत. जंगलखात्याच्या मतें याच छाटणीनें रान खुरटत होतें. गाऱ्हाणीं इतकीं वाढलीं कीं 1885 सालीं मुंबई सरकारास एक कमिशन नेमावें लागलें. ठाणें व कुलाबा जिल्ह्यांतील लोकांचें म्हणणें ऐकून त्यानें 1887 सालीं आपला अहवाल दिला.

राबानें झाडें छाटलीं जात, हें खरेंच. परंतु सारा दोष त्याच्या माथीं मारणें न्यायाचें नव्हे. राबाला फांद्या लागत, आगगाडीला आणि शहराला बुंधे लागत. 1867 सालीं विरारहून मुंबईस गाडी सुरू झाली होती, आणि मुंबईची इमारती लांकडाची व कोळशाची भूक कोणत्याही पाड्याच्या चुलीपेक्षां मोठी होती.

2003 सालीं तुंगारेश्वर अभयारण्य जाहीर झालें. क्षेत्र सुमारें 85 चौरस किलोमीटर. आंत साग, ऐन, खैर, कळंब, बांबू. प्राण्यांत बिबळ्या, भेकर, रानडुक्कर. पावसाळ्यांत ओढ्याकांठीं शीळ घालणारा कस्तूर. पण या रानाचें खरें मोल त्याच्या जागेंत आहे. दक्षिणेस खाडीपलीकडे बोरिवलीचें संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, ईशान्येस 1970 सालीं घोषित झालेलें तानसा अभयारण्य, आणि मध्यें तुंगार. मुंबईच्या वेशीपासून सह्याद्रीकडे जाणाऱ्या जनावरास ही मधली पायरी आहे. ती निखळली तर बोरिवलीचें रान चोहों बाजूंनीं वस्तीनें वेढलेलें बेट होऊन बसेल, आणि तेथील बिबळ्यांचा बाहेरच्या रक्ताशीं संबंध तुटेल.

2014 सालीं ठाण्यापासून पालघर जिल्हा निराळा झाल्यावर ही वाट पुन्हां सीमा ओलांडूं लागली. जिल्ह्यांच्या सीमेचें जनावरास कांहींच नाहीं. सीमेवर नाकें नसतें. त्याला अडवितात ते वसई-दिवा लोहमार्ग, कामणहून भिवंडीस जाणारा रस्ता आणि त्यांच्या कडेनें वाढत चाललेलीं गुदामें. मुंबईकडून अहमदाबादेस जाणारा राजमार्ग तर डोंगराच्या पश्चिम पायथ्यालाच चिकटून जातो, आणि त्यावरची वर्दळ रात्रींही थांबत नाहीं. बिबळ्या वाट ओलांडतो ती बहुधा रात्रींच.